सुदामभाऊंना न विचारलेला प्रश्न

हिंसा आणि कला यांच्या नात्याविषयी मराठीत अलीकडे जे काही मूलगामी चिंतन झालं, त्यातलं बरंचसं लोणावळ्यात, तुंगार्लीच्या एका बंगलीच्या व्हरांड्यात झालं. मी त्याचा साक्षीदार आहे. विचारवंत म्हणून मला तिथे कुणी बोलावलं नव्हतं. त्या व्हरांड्यात वेताच्या दोनच खुर्च्या होत्या, आणि मुलाखत घ्यायला आलेल्या माणसाबरोबर फोटोग्राफर असला की तिसरी खुर्ची शेजारून, म्हणजे माझ्याकडून, जायची. गेलेली खुर्ची लवकर परत येत नाही हे लक्षात आल्यावर मी तिच्याबरोबरच जाऊन तिच्यावर बसू लागलो. फोटोग्राफर उभा राही. त्यांना तशी सवय असते.

बंगली चित्रपट दिग्दर्शक सुदाम गराडे यांची. तळेगावच्या कॉलेजातल्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन मी शांततेसाठी लोणावळ्याला राहायला आलो, आणि पहिल्याच शनिवारी माझी चूक कळली. त्याच दिवशी फाटकाशी एक धिप्पाड गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, जाड काचांचा चष्मा, पायात स्लिपर.

"सर, एक खुर्ची मिळंल का? पेपरवाले आल्यात. हिंसेवर बोलायचं हाय."

आमची ओळख झाली ती अशी.

सुदामभाऊ मूळचे टाकवे बुद्रुकचे. त्यांच्या चित्रपटांची नावं हार्डवेअरच्या दुकानातल्या मालासारखी असत. नावात अवजार, पोस्टरवर तेच अवजार, आणि त्याला लागलेलं रक्त. कथा साधारण एकच. जमिनीला भाव येतो, भाऊबंद एकमेकांकडे निराळ्या नजरेनं बघू लागतात, आणि मध्यंतरापर्यंत घराण्यात जमीन तेवढी शिल्लक राहते. मावळात ही कथा नवी नव्हती. सुदामभाऊंनी तिला पार्श्वसंगीत दिलं.

मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न एकच असे: "तुमच्या चित्रपटांत इतकी हिंसा का?" तो विचारताना प्रत्येकाचा चेहरा असा होई, की हे आजवर कुणाला सुचलंच नव्हतं. मग सुदामभाऊ चष्मा काढत, समोरच्या डोंगराकडे बघत आणि गप्प होत. ही शांतता व्हरांडाभर पसरे. विचारणारा पेन कागदावर टेकवून श्वास रोखून बसे.

"त्या डोंगरात काय दिसतं तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"चष्म्याबिगर? काय बी न्हाई," ते म्हणाले. "पन आपुन गप बसलो की त्यो पेन टेकवतो. पेन टेकवला की समजायचं, आता काय बी सांगा, लिवलं जातंय."

उत्तरं तयार होती. वर्तमानपत्राला आरसा द्यायचे: चित्रपट हा समाजाचा आरसा असतो. टीव्हीला कुरुक्षेत्र द्यायचे. मोबाईलवर तासन्‌तास गप्पांचा कार्यक्रम करणाऱ्या एका तरुणाला त्यांनी सांगितलं, "मी हिंसा दाखवत नाही. मी हिंसेचा थकवा दाखवतो." ही वाक्यं ते बातम्या दिल्यासारख्या स्वच्छ पुणेरी मराठीत बोलत. पाहुणे फाटकाबाहेर पडले की भाषा टाकव्याला परत यायची.

"हिंसेचा थकवा म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"मला तरी कुटं ठाव हाय? पन पोरानं मान लय हलवली."

येणाऱ्यांचीही गंमत असे. हिंसेचा निषेध संपला की ते हळूच विचारत, तुमचा सगळ्यात आवडता खून कोणता? लेखाबरोबरच्या फोटोत तर कोयता लागेच. सुदामभाऊंच्या घरात कोयता नव्हता. मग माझा नारळ सोलायचा कोयता खुर्चीपाठोपाठ जायचा. समाजातल्या वाढत्या क्रौर्याबद्दल चिंता व्यक्त करणाऱ्या निदान तीन-चार लेखांत त्याचं छायाचित्र छापून आलेलं आहे. कोयता माझाच आहे हे मी मुठीवरच्या निळ्या चिकटपट्टीवरून ओळखतो.

त्यांच्या चित्रपटांतलं रक्त मात्र वाखाणण्यासारखं होतं. ते इतकं खरं कसं, असं कुणी विचारलं की सुदामभाऊ म्हणत, "ते वेदनेतून येतं." ते बाजारातल्या हमीदभाईंच्या दुकानातून येई. हमीदभाई पर्यटकांसाठी सरबतं आणि जेली बनवत. स्ट्रॉबेरीच्या क्रशमध्ये थोडा जांभळाचा रस मिसळला की धमनीतलं, थोडी जेली घातली की साकळलेलं, अशी त्यांनी विभागणी केली होती. त्यांची एकच तक्रार असे.

"भाऊ, एवढं आपलं रक्त चाललंय पिक्चरमध्ये, दुकानाचं नाव तरी टाका ना एकदा!"

"हमीदभाई, मुडद्याखाली तुमचं नाव बघितल्यावर सरबत कोन पिनार?"

"ते पन बरोबर आहे," हमीदभाई म्हणत आणि पुढची बरणी भरायला घेत.

या जेलीनंच एकदा घोटाळा केला, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ त्या घोटाळ्यात आहे. दुसऱ्या चित्रपटाचं चित्रीकरण टाकव्याच्या शिवारात चाललं होतं. मुडदे म्हणून गावातलीच पोरं घेतली होती. पावसानं उघडीप दिली तशी बांधाच्या कडेला सगळ्यांना पाडलं, वर हमीदभाईंची जेली ओतली आणि कॅमेरा लावला. जेली साखरेची, बांध तांबड्या मुंग्यांचा. थोड्या वेळानं एक मुडदा खाजवू लागला, मग दुसरा, आणि मग सगळेच उठून अंगातले शर्ट काढत ओढ्याकडे पळाले. परत येऊन त्यांच्यातला बाळ्या नावाचा पुढारी म्हणाला, "भाऊ, मरायला आमी कवा बी तयार हाय. पन मुंग्या न्हाई." पोरांची तोंडं अशी सुजली होती, की पुढचे दोन-तीन दिवस त्यांना मारता येणार नव्हतं.

हात रिकामा झाला म्हणून सुदामभाऊ कॅमेरा घेऊन घरच्या खाचराकडे गेले. तिथे त्यांची आई, पारूमावशी, भावकीतल्या बायकांबरोबर भात लावत होती. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, एका हातात रोपांची जुडी, कंबरेत वाकलेली रांग एका लयीत मागे मागे सरकते आहे. सुदामभाऊंनी ते चित्रित केलं आणि चित्रपटात तसंच ठेवलं. संवाद नाही, संगीत नाही, कसलाच आवाज नाही. दोन खुनांच्या मध्ये काही मिनिटं नुसती भातलावणी.

तो प्रसंग फार चांगला आहे. कौतुक करण्याची मला सवय नाही, म्हणून एवढंच म्हणतो की मी तो पुन्हा पाहिला. त्यातल्या शांततेबद्दल मी बोललो तेव्हा सुदामभाऊंनी चष्मा काढला. "आवाज मुद्दाम काढला, सर," ते स्वच्छ मराठीत म्हणाले. "तिथे माती बोलते."

त्या प्रसंगाबद्दल त्यांना कुणीतरी विचारावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ते बोलून दाखवत नसत, पण मला ती दिसे. मुलाखत हिंसेवरून सुरू होई, हिंसेवरच संपे, आणि पाहुणा वही मिटू लागला की सुदामभाऊ म्हणत, "अजून काही?" त्या दोन शब्दांत इतकी आशा असे की मला डोंगराकडे बघावं लागे. पाहुणा विचार करून म्हणे, "हो, एक राहिलंच. कोयत्याचा एक फोटो घेऊ?"

शेवटी मीच हात घातला. पुण्याहून मुलाखतीला एक हुशार, वाचणारी बाई आली होती. चहा पिताना मी सहज विषय काढला, "त्यांच्या त्या चित्रपटात भातलावणीचा प्रसंग आहे, तो पाहिलात का?"

"पाहिला की!" ती उत्साहानं म्हणाली. सुदामभाऊ खुर्चीत पुढे सरकले. "सर, काय टेन्शन बिल्ड केलंय तुम्ही त्यात! मी तर खुर्चीला घट्ट धरून बसले होते. सारखं वाटत होतं, आता चिखलातून हात वर येणार. आता कुणाच्या तरी पायाला प्रेत लागणार. येणार होता ना हात? की सेन्सॉरनं कापला?"

"कापला," सुदामभाऊ म्हणाले.

ती गेल्यावर मी चहाचे कप उचलले. मग मी त्यांना तो प्रश्न विचारला, जो मी इतकी वर्षं फुकटात ऐकत होतो. "खरं सांगा सुदामभाऊ. का दाखवता एवढी मारामारी?"

"सोपी असती, सर," ते म्हणाले. "दोन मान्सं समोरासमोर हुबी करायची, एकाच्या हातात कायतरी द्यायचं. लगीच बघनारा मोबाईल खिशात ठिवतो. त्याला अक्कल लागत न्हाई. भात लावनारी बाई दावून त्याचा मोबाईल खिशात घालायचा म्हनजे लय अक्कल पायजे. ती मला एकदाच आली, ती बी मुंग्यांच्या किरपेनं. आन लोक तितं बी मुडदा हुडकत्यात."

हे त्यांचं हिंसेवरचं सगळ्यात चांगलं उत्तर होतं. ते कुठेही छापून आलं नाही. त्या वेळी व्हरांड्यात खुर्च्या पुरेशा होत्या.

पुढच्या चैत्रात टाकव्याच्या यात्रेत हा भातलावणीचा चित्रपट दाखवायचं ठरलं. गावचा पोरगा, गावचं शिवार, मुडदेही गावचेच. देवळासमोरच्या पटांगणात मोठा एलईडी पडदा उभा राहिला. सुदामभाऊ मला मुद्दाम घेऊन गेले. "सर, पेपरवाल्यांचं जाऊ द्या. हितं समदी भात लावनारी मान्सं हायत. हितं कळंल." पारूमावशीला शाल घालून पहिल्या रांगेत बसवलं होतं. आपण पडद्यावर आहोत एवढं तिला माहीत होतं. चित्रपट तिनं पाहिला नव्हता.

चित्रपट सुरू झाला आणि हिंसेचा समाजावर काय परिणाम होतो, ते मी प्रत्यक्ष पाहिलं. गावाला हिंसा दिसतच नव्हती, नातेवाईक दिसत होते. "आरं, त्यो बघ, आपला बाळ्या मेला!" अशी आरोळी आली की शिट्ट्या वाजत, आणि प्रेक्षकांतला बाळ्या उठून हात हलवी. एका मुडद्याची आजी पडद्यावरच्या खुन्याला उद्देशून म्हणाली, "आरं भाड्या, त्याचं आत्ता लगीन ठरलंय!" लोक पोट धरून हसले.

मग भातलावणी आली. पडद्यावर हिरवा-राखी उजेड पसरला, पारूमावशी वाकली, पटांगण क्षणभर गप्प झालं. सुदामभाऊंनी माझा हात धरला. आणि कर्ण्यातून खणखणीत आवाज आला:

"हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग. यात्रेला पट्टी दिलेल्या देणगीदारांची नावं खालीलप्रमाणे..."

मावळात यात्रेला पट्टी देणाऱ्याचं नाव कर्ण्यावरून पुकारावं लागतं. ते राहिलं तर माणूस पुढच्या वर्षी पट्टी देत नाही आणि मधल्या काळात बोलतही नाही. सुदामभाऊ उठून मंचाकडे गेले, मी पाठोपाठ. यात्रा कमिटीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणत, कागद घेऊन बसले होते.

"आबा, एवढा सीन जाऊ द्या की. मंग वाचा."

"आरं सुदाम, ह्यात कोन बोलतच न्हाई म्हनून तर हीच येळ धरली," आबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. "मारामारीत माईक लावला आस्ता, तर लोकांनी आमालाच हानलं आस्तं."

ज्यांच्या एका खुणेवर पडद्यावर सबंध भावकी कापली जाई, ते सुदामभाऊ आबांपुढे मान हलवून परत आले. पडद्यावर बायका मागे सरकत होत्या आणि वरून बैलगाडामालक, दूध डेअरीवाले आणि माजी सरपंच यांची नावं पडत होती. बरेच लोक भेळ खायला उठले होते. त्यातला एक जाता जाता म्हणाला, "लावनी काय बघायची, जल्मभर त्येच करतोय."

आम्ही बसलो. पारूमावशी मात्र जागची हलली नव्हती. शाल मुठीत गच्च धरून पडद्याकडे बघत होती. मुलाकडे न वळता तिनं हळूच विचारलं,

"सुदाम, मला कवा मारत्यात रं?"

"न्हाई गं आये. तुला कुनी मारत न्हाई."

"न्हाई?" तिनं पडदा पुन्हा एकदा नीट बघितला. "मंग मला कशाला घेतलं?"

परतीच्या वाटेवर गाडी तेच चालवत होते. लोणावळ्याचे दिवे दिसू लागल्यावर म्हणाले, "आईला बी तसंच वाटलं, सर." पुढे पुन्हा शांतता. या वेळी चष्मा डोळ्यांवरच होता, आणि कुणाचा पेनही टेकलेला नव्हता.

यानंतर माणूस बदलतो, असं वाचकाला वाटेल. मलाही वाटलं होतं. सुदामभाऊंनी आणखी दोन चित्रपट काढले. अवजारं तेवढी निराळी होती. फक्त एकदा, नेहमीचा प्रश्न आला तेव्हा डोंगराकडे न बघता ते सरळ टाकव्याच्या भाषेत म्हणाले, "सवय लागली. मला बी, बघनाऱ्याला बी." मुलाखत घेणारा गोंधळला. "सर, ते आरशाचं काही सांगाल का? मथळ्याला बरं पडतं." सुदामभाऊंनी चष्मा काढून त्याला आरसा दिला.

गेल्या वर्षी ते गेले. तळेगावच्या एका दवाखान्यात, झोपेत, कसलाही आवाज न करता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत 'हिंसेचा बादशहा शांत' असा मथळा होता आणि खाली माझा कोयता.

तळेगावातच शोकसभा झाली. आरसा प्रत्येक भाषणात होता. ज्यांनी त्यांचा एकही चित्रपट पाहिला नव्हता, ते जास्त वेळ बोलले. हमीदभाई शेवटच्या रांगेत रुमाल डोळ्यांना लावून बसले होते. पारूमावशीला मंचावर नेलं होतं. ती सगळा वेळ समोरच्या पंख्याकडे बघत होती. सभा संपल्यावर एका वार्ताहर मुलीनं तिला जिन्याजवळ गाठलं. मुलगी नवीन होती, आवाजात अदब होती.

"आजी, तुमच्या मुलाच्या चित्रपटांत इतकी हिंसा असायची. आई म्हणून तुम्हाला काय वाटायचं?"

पारूमावशीनं विचार केला. "मला न्हाई मारलं त्यानं," ती म्हणाली. "मला नुसतं भात लावाया लावलं."

"भात? कुठल्या चित्रपटात? मला आठवत नाहीये. काय होतं त्यात? सांगा ना."

इतकी वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट पाहत खुर्चीवर बसलो होतो, तो हा. विचारला गेला तेव्हा सुदामभाऊ तिथे नव्हते. पारूमावशी मात्र जिन्याच्या पायरीवर बसली आणि सांगू लागली. खाचर कुठलं, त्या दिवशी लावणीची पाळी कुणाची, रोप कसं कोवळं होतं. मुलगीही खाली बसली.

"आन ह्यो बूट घालून खाचरात! माझी लावलेली रोपं तुडवीत हिकडून तिकडं. मी त्याला असल्या शिव्या दिल्या, असल्या दिल्या, की बाकीच्या बाया हसाया लागल्या. समदं त्या कॅमेऱ्यात आलं म्हनं. मंग पोरानं आवाजच काढून टाकला." ती हसली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. "तितं माझं तोंड हलतंय ना बाई, त्ये गानं न्हाई. मी लेकाला मुडद्या म्हनत्ये."

दुसऱ्या दिवशी छापून आलं: 'मला मारलं नाही: हिंसेच्या बादशहाच्या मातेचे भावोद्गार.' बाकीचं जागेअभावी गेलं असावं.

तो चित्रपट आता मोबाईलवर मिळतो. मी अधूनमधून लावतो आणि खून पुढे ढकलत भातलावणीपाशी येऊन थांबतो. पारूमावशीचं तोंड हलताना आता स्पष्ट दिसतं, आणि माती काय बोलते तेही बऱ्यापैकी कळतं. शेवटी बायका घटकाभर बांधावर टेकतात. पारूमावशी कनवटीची डबी काढते, चिमूटभर मिश्री बोटावर घेते आणि दाताला लावत आभाळाकडे बघते. सुदामभाऊंच्या सगळ्या खुन्यांना मी आता ओळखतो. त्यांच्यात कुणालाही कसलंच व्यसन नाही. त्यामुळे अख्ख्या चित्रपटात प्रेक्षकांना सावध करणारी ओळ पडद्याच्या तळाशी एकाच ठिकाणी उमटते, पारूमावशीच्या पायाखाली: तंबाखूचे सेवन आरोग्यास हानिकारक आहे.